भाव फुटला की शर्यत बदलते

मे महिन्यातली इटलीची जिरो असो, जुलैतली तूर द फ्रान्स असो की उन्हाळ्याच्या अखेरची स्पेनची व्हुएल्ता, पहिलं पॅडल मारलं जाण्याच्या कितीतरी आधी युरोपातल्या बुकींचे भाव फुटलेले असतात. फेव्हरिट कोण, दुसरा कोण, काळा घोडा कोण, सगळं आकड्यांत मांडलेलं. या आकड्यांवरून सायकलिंगच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, भाव म्हणजे निव्वळ थापा. 21 टप्पे, तीन आठवडे आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा रस्ता यात कोणाचं काय होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसरा तट म्हणतो, तज्ज्ञ चुकतील, पत्रकार चुकतील, पण हजारो लोकांनी पदरचा पैसा लावून ठरलेला भाव सहसा चुकत नाही.

दोन्ही तट एकाच जागी घसरतात. भाव हा शर्यतीबाहेर उभा राहून बघणारा साक्षीदार आहे, असं दोघेही धरून चालतात.

आधी पहिल्या तटाचा समाचार घेऊ. एखाद्याचा भाव 1.50 असेल तर 100 लावणाऱ्याला तो जिंकल्यावर 150 परत मिळतात. म्हणजे त्या भावात जिंकण्याची शक्यता साधारण 67 टक्के धरलेली असते आणि हरण्याची 33 टक्के. वेगवेगळ्या शर्यतींतले असे तीन फेव्हरिट घेतले तर त्यातला सरासरी एक हरणार, हे भावातच लिहिलेलं आहे. 2020 च्या जिरोत, सिसिलीत, तिसऱ्या टप्प्याची अधिकृत सुरुवात होण्यापूर्वीच जेरेंट थॉमसच्या चाकाखाली रस्त्यावर पडलेली पाण्याची बाटली आली. तो आपटला, ओटीपोटाचं हाड मोडलं आणि मुख्य दावेदारांपैकी एक शर्यतीबाहेर गेला. एवढ्यावरून भाव काढणाऱ्याला मूर्ख ठरवणं म्हणजे शक्यतेला हमी समजण्यासारखं आहे.

दुसऱ्या तटाचा विश्वासही तितकाच भाबडा. बुकीला विजेता ओळखण्यापेक्षा हिशेब जुळवण्यात रस असतो. समजा, तिघांचे भाव 1.50, 4 आणि 6 आहेत. त्यांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज केली तर ती 108 च्या वर जाते, आणि बाकीचे दीडशेहून अधिक सायकलपटू तर अजून मोजायचेच आहेत. शंभराच्या वरचं हे सगळं बुकीचं कमिशन. शिवाय दूरच्या नावावर थोडे पैसे लावून घबाड मिळवण्याचा मोह माणसाला सुटत नाही, त्यामुळे अशा नावांचे भाव त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा महाग विकले जातात. घोड्यांच्या शर्यतींत हा कल फार पूर्वीच नोंदला गेला आहे. भाव ही किंमत आहे, आणि किंमत मालाबरोबरच गिऱ्हाइकाबद्दलही बोलते.

मग या भावांचा उपयोग काय? इथेच सायकलिंगचं वेगळेपण कामी येतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याला आपला भाव ठाऊक नसतो. जॉकीला असला तरी दोन-अडीच मिनिटांत त्यावर राजकारण करायला उसंत नसते. सायकलपटूला मात्र तीन आठवडे मिळतात, आणि त्याचा सगळा खेळ वाऱ्याभोवती फिरतो. आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात बेर्ट ब्लोकेन यांच्या चमूने 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात शिरलेल्या सायकलपटूला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा 5 ते 10 टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. तेव्हा पुढे राहून वारा कोणी खायचा, हा प्रश्न रोज पडतो. त्याचं उत्तर भाव देतो. ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याच्या संघाने पुढे व्हायचं, पळालेल्यांचा पाठलाग करायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे आडोशाला बसायचं. जाहीर झाल्या क्षणापासून भाकीत स्वतःच शर्यतीतला एक घटक बनतं.

2019 ची जिरो बघा. सगळ्यांच्या नजरा प्रिमोझ रोग्लिच आणि व्हिन्सेंझो निबाली यांच्यावर, आणि त्या दोघांच्या एकमेकांवर. मोव्हिस्टार संघातही मिकेल लांडाचं नाव मोठं होतं. चौदाव्या टप्प्यात कुर्मायरच्या वाटेवर त्याच संघातला इक्वेडोरचा रिचर्ड कारापास निसटला, तेव्हा फेव्हरिट एकमेकांना जोखत राहिले. कारापासने आघाडीवरच्याची गुलाबी जर्सी घेतली आणि शेवटी निबालीला 1 मिनिट 5 सेकंदांनी मागे टाकून शर्यत जिंकली.

सहा वर्षांनी तोच कारापास पलीकडच्या बाजूला उभा होता. 2025 च्या जिरोत ज्यांचा सर्वाधिक बोलबाला होता, ते रोग्लिच आणि हुआन आयुसो शेवटचा आठवडा पुरा करू शकले नाहीत. विसाव्या टप्प्याच्या सकाळी मेक्सिकोचा तरुण इसाक डेल टोरो आघाडीवर, कारापास 43 सेकंदांनी मागे आणि सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंदांनी मागे. कोले देल्ले फिनेस्त्रेच्या खडीच्या घाटात येट्स सुटला. त्याचा सहकारी वाउट व्हान आर्ट आधीच पुढे जाऊन थांबला होता. घाट उतरल्यावर सेस्त्रिएरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने येट्सला आडोसा दिला. मागे डेल टोरो आणि कारापास मात्र पाठलागाचं ओझं एकमेकांवर ढकलत राहिले. रोममध्ये येट्स 3 मिनिटं 56 सेकंदांच्या फरकाने विजेता ठरला. याच घाटावर 2018 मध्ये येट्सच गुलाबी जर्सीत होता. त्या दिवशी क्रिस फ्रूमने 80 किलोमीटर एकट्याने पळ काढला आणि येट्स 38 मिनिटांहून अधिक वेळ गमावून बसला होता.

घोळक्याने कोणाला सोडायचं हेही नावाच्या वजनावरच ठरतं. 1956 च्या तूरमध्ये आंजेच्या वाटेवर 31 जणांचा गट 18 मिनिटांहून अधिक पुढे जाऊ दिला गेला. त्यातला रोजे वाल्कोव्हियाक एकही टप्पा न जिंकता अंतिम विजेता झाला. 2006 मध्ये मोंतेलिमारच्या टप्प्यात ऑस्कर पेरेइरोला जवळपास अर्ध्या तासाने पुढे जाऊ दिलं, कारण तोवर त्याला कोणी मोजतच नव्हतं. पुढे फ्लॉइड लँडिस उत्तेजक चाचणीत सापडून बाद झाला आणि विजेतेपद पेरेइरोकडे आलं.

यावर कोणी विचारेल, मग तादेई पोगाचारचं काय? 2024 मध्ये जिरो आणि तूर दोन्हींत तो उघड फेव्हरिट होता. जिरो त्याने 9 मिनिटं 56 सेकंदांनी जिंकली, तूर 6 मिनिटं 17 सेकंदांनी. आक्षेप रास्त आहे. ताकदीतला फरक एवढा मोठा असला की वर असलेल्या नावाचं ओझं जाणवेनासं होतं. पण फरक कमी असला की तेच ओझं चढावर अंगावर येतं, आणि त्याचा दाखलाही पोगाचारच्याच कारकिर्दीत आहे. 2022 च्या तूरमध्ये अकराव्या टप्प्यावर गालिबिएच्या वाटेवर एकाच संघातले रोग्लिच आणि योनास विंगेगो आळीपाळीने हल्ले करत होते. आघाडीच्या पिवळ्या जर्सीतला पोगाचार प्रत्येकाला उत्तर देत गेला आणि शेवटच्या ग्रानोच्या चढणीवर विंगेगोच्या मागे 2 मिनिटं 51 सेकंदांनी पोहोचला. तूर विंगेगोची झाली.

या युक्तिवादाला मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. टाइम ट्रायलमध्ये ज्याचा त्याने वारा खायचा असतो. 2020 च्या तूरमध्ये ला प्लांश दे बेल फियच्या 36.2 किलोमीटरच्या टाइम ट्रायलआधी रोग्लिचकडे 57 सेकंदांची आघाडी होती. पोगाचारने त्याला त्या एका दिवसात 1 मिनिट 56 सेकंदांनी मागे टाकलं. तिथे डावपेच नव्हते. एकाचे पाय चालले, दुसऱ्याचे नाही.

म्हणून शर्यतीपूर्वीचे भाव वाचायचे ते घोळक्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडणार आणि आडोशाला कोण बसणार, हे ओळखण्यासाठी. एकाच संघाची दोन नावं वर असतील तर त्याच संघातलं तिसरं नावही शोधावं. 2023 च्या व्हुएल्तात युम्बो-विस्मा संघाकडे विंगेगो आणि रोग्लिच होते. समोर रेम्को एव्हेनेपूल, जो तूरमाले घाटाच्या दिवशी 27 मिनिटं गमावून बसला. सहाव्या टप्प्यात सेप कुसला पळू दिलं गेलं, कारण तो इतरांसाठी राबणारा सहायक; त्याच वर्षी जिरो आणि तूरही तो दुसऱ्यांसाठी खपला होता. अँग्लिरूच्या चढणीवर त्याच्याच दोन नेत्यांनी त्याला मागे टाकलं, तेव्हा त्याच्याकडे फक्त 8 सेकंदांची आघाडी उरली. त्यानंतर संघाने कुसच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. माद्रिदमध्ये कुस पहिला, विंगेगो 17 सेकंदांनी दुसरा आणि रोग्लिच तिसरा आला.