फ्रॅपेचा माणूस कुठून आणायचा?

टेक्सासमधल्या फ्रिस्को, प्लेनो, मॅककिनी या भागात छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवणारे वाचक भेटले की हल्ली एकच गाऱ्हाणे ऐकू येते: फ्रॅपे येणारा माणूस मिळत नाही. गिऱ्हाइकाला फ्रॅपेवर चालणारे ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवून द्यायचा शब्द देऊन झालेला असतो आणि हाताशी असलेला एकुलता एक जाणकार कोणीतरी जास्त पगार देऊन नेलेला असतो. मग घाईघाईने जाहिरात निघते: फ्रॅपेचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. आमच्या मते या टंचाईचे मूळ त्या जाहिरातीतच आहे.

फ्रॅपे मुळात मुंबईचे. शिक्षणाने औद्योगिक अभियंता असलेल्या ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सुरू केलेल्या खटपटीतून ईआरपीनेक्स्ट उभे राहिले, २००८ मध्ये कंपनी निघाली आणि पुढे फ्रॅपे हा पायथनवरचा फ्रेमवर्क स्वतंत्रपणे वापरता येऊ लागला. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, झेरोधासारखी कंपनी ते वापरते. तरी जँगो किंवा रिअ‍ॅक्ट जाणणाऱ्यांच्या मानाने फ्रॅपेत मुरलेली माणसे थोडीच. परदेशातून नवा माणूस एच-१बी व्हिसावर आणावा, तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने त्यावर १ लाख डॉलरचे शुल्क बसले. अशा बाजारात पाच वर्षांची अट घातली की अर्ज दोनच प्रकारचे येतात. एक शेजारच्या कंपनीतून फुटायला तयार असलेल्याचा, दुसरा खोटा.

या खोट्या अर्जांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. नव्या पदवीधराच्या बायोडेटावर तीन-चार वर्षांचा अनुभव चिकटवून देणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत, हे आपल्या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? एमएस होऊन बाहेर पडलेल्या मुलीला ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीच्या, वर्षात नोकरीविना एकूण ९० दिवसच काढता येतात. त्यातले दोन महिने उलटले, भाडे थकले, घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता उभा राहिला, की ती त्या बायोडेटाला होकार देते. सगळा दोष तिच्या माथी मारणे सोपे आहे. खरे सांगून आत येता येईल असे दार तिला कोणी दाखवलेले नसते.

कायद्यात मात्र ते दार आहे. स्टेम ओपीटीची २४ महिन्यांची मुदतवाढ घेताना आय-९८३ हा फॉर्म भरावा लागतो. काय शिकवणार, देखरेख कोण करणार, प्रगती कशी जोखणार, हे त्यात लेखी द्यायचे असते. पहिले वर्ष संपताना आणि शेवटी मूल्यमापनही करायचे असते. कित्येक ठिकाणी हा मजकूर जुन्या फॉर्मवरून जसाच्या तसा उतरवतात. तो एकदा मन लावून लिहा. मग समोरचा माणूस ओपीटीवरचा असो, ग्रीन कार्डवाला असो की इथलाच नागरिक, पहिल्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तुमच्या हातात असेल.

अनुभव नसलेल्यांवर भागते का, असे विचारणाऱ्यांनी जँगोचा जन्म आठवावा. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी तो लिहायला घेतला, तेव्हा विलिसन वर्षभराच्या उमेदवारीवर आलेला विद्यार्थी होता. ब्राझीलच्या नुबँकने क्लोजर ही विरळा भाषा निवडली आणि ती न येणारे अभियंते घेऊन त्यांना शिकवले.

खरा प्रश्न आहे तो शिकवायचे काय हा. चांगल्या पायथनवाल्याला डॉकटाइप (फ्रॅपेतला नोंदींचा साचा) करायला आणि फॉर्म जोडायला एक-दोन आठवडे पुरतात, पण तेवढ्यावर थांबलो तर घात होतो. समजा, गिऱ्हाइकांना आपापली बिले पाहता यावीत असे पोर्टल करायचे आहे. नवा मुलगा बिलांची यादी 'गेट ऑल'ने आणतो. चाचणीला एकाच गिऱ्हाइकाचा डेटा असल्याने सगळे ठीक दिसते. पण 'गेट ऑल' परवानग्या तपासत नाही, त्या 'गेट लिस्ट' तपासते. पोर्टल सुरू झाले की एकाची बिले दुसऱ्याला दिसू लागतात. तसेच 'डीबी सेट व्हॅल्यू'चे. त्याने थेट नोंद बदलली की व्हॅलिडेटमध्ये लिहिलेले नियम चालतच नाहीत. आणि सबमिट झालेले बिल सुधारायला जो सरळ टेबलात हात घालतो, त्याला आधी जमाखर्च शिकवायला हवा. ते बिल रद्द करून सुधारित बिल काढायचे असते, नाहीतर खातेवहीचा मेळ जातो.

अभ्यासक्रम अशा फसव्या जागांभोवती रचावा, आणि माणूस निवडतानाही हेच भान ठेवावे. मुलाखतीत फ्रॅपेचे प्रश्न नकोत. एसक्यूएलचा जॉइन येतो का, डेबिट-क्रेडिट कळते का, ते पाहा. अनोळखी कोड तासभर वाचायला द्या आणि मग तो काय विचारतो ते ऐका.

शिकवणारा जाणकार बहुधा पुण्यात असतो. फ्रिस्कोत सकाळचे ९ होतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. दिवसभर राबलेल्या माणसाकडून रोज तासभर कोड तपासून घ्यायचा आणि तो तास कुठेच मोजायचा नाही, हा सरळसरळ अन्याय आहे. तो त्याच्या कामाच्या वेळेत धरा आणि प्रकल्पाच्या किमतीत लावा.

शिकणाऱ्याचीही एक भीती असते: या कोपऱ्यातल्या फ्रेमवर्कमध्ये दोन वर्षे घातली, तर पुढे काय? ती रास्त आहे. फ्रॅपे मुक्त स्रोत असल्याने यावर उपाय आहे. मूळ प्रकल्पात त्याला स्वतःच्या नावाने दुरुस्त्या पाठवू द्या, तेही कचेरीच्या वेळेत. गिटहबवरचे ते काम पुढच्या नोकरीतही त्याचेच राहते. बॉन्ड लिहून घेऊन माणूस डांबण्याची भारतातली रीत मात्र इथे आणू नका.

पैशाची अडचण असेल त्यांनी टेक्सास वर्कफोर्स कमिशनच्या 'स्किल्स फॉर स्मॉल बिझनेस' योजनेची चौकशी करावी. १०० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कंपन्यांना सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजातल्या प्रशिक्षणासाठी तिचा आधार मिळू शकतो, आणि कॉलिन कॉलेजचा कॅम्पस फ्रिस्कोतच आहे. पायथन आणि डेटाबेस तिथे, फ्रॅपे तुमच्याकडे, अशी वाटणी करता येईल.

नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही काय शिकवता, तो कुठे अडखळतो, त्यावर काय केले, हे गिऱ्हाइकाचे नाव वगळून आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकापासून या प्रशिक्षण योजना आम्ही छापणार आहोत.