जावा नक्की कुणाचं?

"कंपनीचं तेच पक्कं, फुकटचं ते कच्चं" हे वाक्य खारघरमध्ये लिफ्टमध्येसुद्धा ऐकू येतं. ऐकलं की माझं डोकं सणकतं!

मंडळी, २०१२ आठवतंय? जावातलं एक भगदाड ओरॅकलने १४ फेब्रुवारीला बुजवलं. पण मॅकवरचं जावा तेव्हा ॲपल स्वतः सांभाळायचं, आणि त्यांची दुरुस्ती आली ३ एप्रिलला. सात आठवडे! तोवर फ्लॅशबॅक हा व्हायरस सुमारे ६ लाख मॅकमध्ये घुसला होता. वापरणाऱ्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी कंपनीवर भरवसा ठेवला.

ओरॅकलही काही साधुसंत नाही. एप्रिल २०१९ पासून जावा ८ चे नवे अपडेट धंद्यासाठी वापरायचे तर पैसे मोजा. जानेवारी २०२३ पासून तर सगळ्या कर्मचाऱ्यांची डोकी मोजून भाव, मग जावा कोण वापरतं ते गेलं खड्ड्यात. शिपाईसुद्धा हिशेबात!

सनने २००७ मध्ये खुलं केलेलं ओपनजेडीके मात्र जीपीएलखाली आहे. त्यावर बरंचसं काम ओरॅकलचेच पगारी लोक करतात, मान्य. करू देत की! उद्या ते रुसले तरी कोड घेऊन पुढे जायचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून तर टेम्युरिनसारखी बिनपैशाची बिल्ड मिळते.

दादा, वाचतोयस ना? तुझ्या ऑफिसात जावा लागतं दोन मशीनवर, माणसं आहेत चाळीस. रविवारी येतोच आहेस, लॅपटॉप घेऊन ये.