तेरा हजार नियतकालिके, पण शोधून देणार कोण?

तापाने गंभीर झालेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचे, असे आमच्या पिढीला शिकवले गेले. २०११ मध्ये युगांडा, केनिया व टांझानियातील ‘फीस्ट’ चाचणीने याला धक्का दिला. असे सलाइन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुले ४८ तासांत दगावली. न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. जुलाबाची मुले या चाचणीत नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.

असे बारकावे वॉर्डापर्यंत वेळेवर पोहोचवणे, डॉक्टर-परिचारिकांच्या प्रश्नांवर नेमके संशोधन शोधून देणे, हे बालरुग्णालयाच्या ग्रंथालयाचे काम.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेने सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी महाविद्यालयांना खुली केली. तीन वर्षांसाठी तरतूद आहे ६ हजार कोटींची. पाऊल स्वागतार्हच; पण योजना उच्च शिक्षण व केंद्रीय संशोधन संस्थांपुरती आहे. महाविद्यालयाशी न जोडलेली जिल्हा रुग्णालये बाहेरच राहतात आणि अत्यवस्थ मूल बहुधा आधी तिथेच पोहोचते. शिवाय रात्रपाळीचा निवासी डॉक्टर १३ हजारांतून काय शोधणार? जिल्हा रुग्णालयांना प्रवेश द्या आणि प्रशिक्षित ग्रंथपाल नेमा. तोही उपचाराचाच भाग आहे.