हौशी उड्डाणाचे अर्थकारण

जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिला वैमानिक परवाना मिळविला, तेव्हा त्यांना विमान चालवून पोट भरावयाचे नव्हते. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, कराची-मुंबई हे आपले जुने उड्डाण त्यांनी पुन्हा एकट्याने केले. त्यामागेही नफ्याचा हिशेब नव्हता.

ही हौस आजच्या तरुणांत ओसरली, अशी तक्रार ऐकू येते. तिचे खापर मोबाईलवर फोडणे सोपे आहे. परंतु माझ्या वर्गातील मुले साहसाला भितात, असे मला तरी दिसत नाही, सह्याद्रीचे गड सुट्टीच्या दिवशी त्यांनीच भरलेले असतात (तेथील गर्दी हा स्वतंत्र लेखाचा विषय!). खाजगी परवान्यास किमान ४० तासांचे उड्डाण लागते, व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे. तासागणिक हजारो रुपये कर्जाऊ काढून मोजणारे कुटुंब ४० तासांवर थांबेलच कसे? कर्ज फिटते ते नोकरीने. साहजिकच फ्लाइंग क्लब हे नोकरीच्या उमेदवारांचे शिकवणीवर्ग झाले. लहान विमानांचे एव्हगॅस तर २०२२ पर्यंत आयातच करावे लागे. मागणी घटली असे आपण म्हणतो. वस्तुतः परवडणारा पुरवठाच आटला आहे.

विंचच्या दोराने वर खेचल्या जाणाऱ्या ग्लायडरला इंधन नाममात्रच लागते, आणि हडपसरचे ग्लायडिंग केंद्र सरकारी आहे. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या दरात काही फेऱ्या राखून ठेवाव्यात. त्यानंतरही आसने रिकामी राहिली, तर तरुणांना खुशाल बोल लावावा.