पेटी कोणत्या विभागातली?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील गायनाची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. आपल्या कॉलेजात सगळे असेच चालते. हा वार्षिकांकही तसाच निघतो. नावे भराभर पडत गेली आणि एका नावाशी गाडी अडली. सौंदत्ती तालुक्यातून आलेली माझी एक वर्गभगिनी 'स्वयंवर' नाटकातले पद म्हणणार होती. तिचे आजोबा नाटक कंपनीत पायपेटी वाजवीत; त्यांच्याकडून तिने ते उचलले होते. मुलगी कानडी, पद मराठी! घालायचे कुठे? उजवीकडचे म्हणाले, "हे आमचे नव्हे." डावीकडचे म्हणाले, "आमची यादी भरली. तिने कन्नड भावगीत म्हणावे की!" मी दोघांचेही ऐकले आणि तिचे नाव खोडले. ती "इरलि बिडु" एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

ही रेघ मला नंतर फार टोचली. कारण ज्या नाट्यसंगीताला आपण छाती फुगवून 'आपले' म्हणतो, ते अशी रेघ मानून जन्मालाच आले नसते.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगवले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ तिथे झाल्यानंतर. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. ते बेळगावात मास्तर होते आणि 'शारदा'कार देवल हे त्यांचे इथलेच विद्यार्थी. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभे राहिले, तेव्हा त्यातल्या पदांना चाली कुठून आल्या? कीर्तनातून आल्या, लावणीतून आल्या, तशा कानडी पदांवरूनही आल्या. जुन्या नाटकांच्या छापील प्रती पाहाव्यात. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणे दिलेले असते. उसने घेतले ते उघडपणे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

देणेही तितकेच झाले. सांगलीकडच्या मंडळ्या गदग-धारवाडकडे खेळ करू लागल्या, तेव्हा आपल्या भाषेतही नाटक हवे या ईर्ष्येने शांतकवींनी गदगला कन्नड मंडळी उभी केली. म्हणजे कर्नाटकाने दिलेले बी सांगलीत रुजले आणि त्याचे रोप पुन्हा कर्नाटकात गेले! ज्या 'ललितकलादर्श'च्या केशवराव भोसल्यांनी १९२१ साली बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केले, ती कंपनी १९०८ मध्ये निघाली ती हुबळीत.

आणि गाणारे गळे? कुंदगोळचे रामभाऊ घरी कानडी बोलत, पण 'सवाई गंधर्व' ही पदवी त्यांना मराठी रंगभूमीने दिली. मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी कन्नड नाटक कंपनीत गात. तिथे त्यांचा आवाज ऐकून मिरजेच्या नीलकंठबुवांनी त्यांना शिष्य केले. शिवपुत्र कोमकळी आपल्या शेजारच्या सुळेभावीचे. तेच पुढे कुमार गंधर्व झाले आणि 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम त्यांनी केला. उमजायला मातृभाषा आड आली नाही!

सगळेच गोड होते असे मात्र नव्हे. बिळगीच्या गोहरबाई १९३८ मध्ये गंधर्व मंडळीत आल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की ऐकणाऱ्याने चकित व्हावे. तरी पुष्कळ मराठी रसिकांनी कंपनीच्या पडत्या काळाचे खापर त्यांच्यावर फोडले. त्यांचा गळा कौतुकाचा ठरला, पण ती बाई परकीच राहिली. माझ्या खोडलेल्या नावात त्याच वृत्तीचा एक धाकटा अवतार होता, हे मला आता कबूल केले पाहिजे.

कुणी म्हणेल, हे कलावंत पोटासाठी फिरत होते. त्यात भाषाप्रेम कुठले? खरे आहे. नाटक कंपनी हे बिऱ्हाड होते, तिथे दोन वेळचे जेवण मिळे, आणि जिथे तिकिटे खपत तिथे मुक्काम पडे. पण पोटासाठी का होईना, ते परक्या भाषेतले पद घोटून घोटून बसवीत. आपण पोट भरलेले असूनही शेजारच्या बाकावरच्या भाषेत चार ओळी पाठ करत नाही. सीमेच्या वादाचा निकाल लावणे माझ्या-तुमच्या हाती नाही. त्या वादातले दुःख खरे आहे, आणि ते विसरा असे मी म्हणत नाही. परंतु संमेलनाची यादी तर आपल्याच हाती आहे!

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंदा 'नाट्यसंगीत' असा एकच कार्यक्रम ठेवावा, मधल्या रेघेशिवाय. त्यात मराठी पदे असावीत, कन्नड कंपनी नाटकांतलीही असावीत. आणि एक तरी पद प्रत्येकाने दुसऱ्या भाषेतले बसवावे. मराठी विभागाने आधी सुरुवात करावी, कारण नाट्यसंगीताचा अभिमान आपण जास्त सांगतो, आणि त्या कार्यक्रमाला मागच्या रांगा रिकाम्या असतात त्याही आपल्याच. पेटी दोन्हीकडे पेटीच म्हणवते. तिच्या पट्ट्यांना विभाग नाहीत.

त्या वर्गभगिनीला मी पुन्हा विचारले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही लगेच दिला नसता.