चावी कुणाच्या खिशात?

राज्य कोसळलं की पहिलं कुलूप पोरांच्या खोलीला लागतं. बँक दुसऱ्या दिवशी नवी पाटी लावून उघडते. पोलीस चौकीही उघडते, नुसती टोपी बदलते. पोरांच्या खोलीचं भाडं कुणी भरायचं, यावर मात्र वर्षानुवर्षं घोळ चालतो.

सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये गेलं. त्याच सप्टेंबरात मॉस्कोत कोम्सोमोलनं स्वतःच स्वतःला मोडीत काढलं. १९१८ सालची संघटना. तिच्या हाताखाली लहान पोरांचे पायोनियर, १९२२ चे. गळ्यात लाल रुमाल, रांगेत उभं राहायचं. विचार वरून यायचा, पोरांनी हात वर करायचा. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, सगळं थोतांड होतं. मी नाही म्हणत. कामगाराच्या पोराला पायोनियर पॅलेसमध्ये बुद्धिबळ, नाच, विमानाची मॉडेलं जवळपास फुकटात मिळत होती. तो स्वर्गच होता म्हणणारे पोथीवाले डावेही आहेत. त्यांच्याही पंगतीत मी नाही. छप्पर होतं, पण तोंडाला कुलूप होतं. पुढं तोंडाचं कुलूप निघालं आणि छप्पर गेलं.

एस्टोनियाचं घ्या. साडेतेरा लाखांच्या आसपास वस्ती. आपल्या एखाद्या उपनगरात मावेल एवढा देश. पण या लोकांनी एक शहाणपण केलं. १९९९ मध्ये युवक-कार्याचा कायदा केला, २०१० मध्ये नवा आणला. सात ते सव्वीस वर्षांचा तो तरुण. घर, शाळा, नोकरी यांच्या बाहेर पोरांना स्वतःच्या मर्जीनं काही करता यावं म्हणून सोय करणं, हे युवक-कार्य. मर्जीनं! कोम्सोमोल भोगलेल्या देशानं हे कायद्यात लिहिलं. आणि ती सोय उभी करण्याची जबाबदारी गावच्या पालिकेवर टाकली. आज तिथं दोनशेच्या वर खुली युवक केंद्रं आहेत. खुलं म्हणजे पोरगं आलं, कोट काढला, बसलं. काहीच न करता बसायचाही त्याला हक्क आहे. बरफाचा लांब हिवाळा काढणाऱ्या गरिबाच्या पोराला गरम खोली ही काय चीज आहे, ते आपल्याला घामाच्या मुलखात नीट कळायचं नाही.

आता पैशाचं. एस्टोनियातही परदेशी पैसा आला. नॉर्वेचा आला, युरोपियन युनियनचा आला. वाईट नाही. पण प्रोजेक्टचा पैसा म्हणजे कॅज्युअलची हजेरी. मी गोदीत दोन वर्षं कॅज्युअल होतो. कॅज्युअल माणूस स्लिंगच्या वायरीला ग्रीस लावत नाही. उद्या ती वायर आपल्या हातात असेल की दुसऱ्याच्या, कुणाला ठाऊक? पोरांच्या कामात तर वायरीपेक्षा नाजूक गोष्ट असते. पंधरा वर्षांची पोरगी सहा महिने गप्प बसते आणि मग एका संध्याकाळी केंद्रातल्या ताईला बापाच्या दारूचं सांगते. मार्च संपला, ग्रँट संपली, ताई गेली. नवी ताई येईल तिला ती पोरगी परत सगळं सांगेल? घंटा सांगेल.

जॉर्जिया, मोल्दोवा, आर्मेनियात बरंचसं काम असल्याच पैशावर उभं राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीचा नळ बंद केला, जुलैत यूएसएड हे खातंच गुंडाळलं. जॉर्जियात तर आधीच २०२४ मध्ये कायदा आला होता की वीस टक्क्यांच्या वर परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेनं परक्या सत्तेचं हित बघणारी म्हणून नाव नोंदवायचं. एकीकडून भाकर बंद, दुसरीकडून कपाळावर शिक्का. घरचं सरकार दमडी देत नव्हतं तेव्हा याच संस्था पोरांना सांभाळत होत्या.

म्हणून एस्टोनियाचं पारडं जड. पगार पालिकेच्या वहीत आहे. पण ती वहीही पुजायची नाही. शिक्षकाचा किमान पगार तिथं देशपातळीवर ठरतो, युवक केंद्रातल्या ताईचा ठरत नाही. २०१७ मध्ये २१३ पालिकांच्या ७९ केल्या. मोठी पालिका म्हणजे पैसा जास्त, हे खरं. पण लहान गावचं केंद्र तिला दुरून दिसतं. रस्त्याची फीत कापता येते. एका पोराची भीती गेली त्याची फीत कशी कापणार?

आणि मग नार्वा. रशियाच्या हद्दीवरचं गाव. मधे नदी, पलीकडं इवानगोरोद. इथं क्रेनहोल्म ही कापडगिरणी १८५७ मध्ये निघाली, १८७२ मध्ये तिथं मोठा संप झाला, एकेकाळी दहा हजारांवर माणसं राबत होती. २०१० मध्ये दिवाळं. गिरणगावात वाढलेल्याला पुढचं सांगायला नको.

नार्व्यात जवळजवळ सगळे रशियन बोलणारे. सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या शाळा टप्प्याटप्प्यानं एस्टोनियन भाषेत जातायत. एस्टोनियन माणसाचा राग खोटा नाही. मार्च १९४९ मध्ये चार दिवसांत त्यांची वीस हजारांवर माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडं नेली. हे विसरा असं सांगायचा हक्क कुणाला नाही. पण २०१२ साली जन्मलेल्या पोरानं त्याचा हिशेब कसा चुकवायचा? भाषा शिकावी, शिकलीच पाहिजे. त्यावर पुढं रोटी आहे. माझं भांडण एवढंच की शाळेत दिवसभर अडखळलेलं पोर संध्याकाळी केंद्रात येतं तेव्हा तिथं तरी त्याची जीभ तपासू नका. एकात्मतेच्या नावानं केंद्राचाच वर्ग झाला, तर रुमालाचा रंग बदलला एवढंच. पोरं यायची बंद होतील, आणि नदीपलीकडचा टीव्ही त्यांची वाटच बघतोय.

२०१७ पासून एस्टोनियात सोळा वर्षांच्या पोराला पालिकेच्या निवडणुकीत मत आहे. युवक परिषदही कायद्यात आहे, पण तिला नुसतं विचारायचं. केंद्राच्या पैशावर तिची सही लागत नाही. ती लागली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. पोरं चुकतील. पालिकेतले थोर लोक काय कमी चुकतात?

मार्च २०२५ मध्ये तिथं घटना बदलली. रशियन पासपोर्टवाल्यांचं पालिकेतलं मत काढून घेतलं. कुठल्याच देशाचे नागरिक नसलेले करड्या पासपोर्टवाले त्या ऑक्टोबरात शेवटचं मतदान करून आले. म्हणजे आता नार्व्यात असं घर असू शकतं, जिथं सतराव्या वर्षी नातवाला मत आहे आणि क्रेनहोल्मच्या मागावर उभं आयुष्य काढलेल्या आजीला नाही. केंद्राची चावी पालिकेकडं, आणि पालिका निवडायला नातू एकटाच जाणार.