परसातील सिमेंटचे खळे : खर्च कोठे करावा?

दसऱ्याच्या सुमारास आपल्या धामणगाव भागात सोयाबीन घरी येऊ लागते, आणि त्याच वेळी परतीचा पाऊसही दाराशी उभा असतो. अशा वेळी ज्याच्या परसात थोडीशी कोरडी व टणक जागा नाही, त्याच्या मालाची काय दैना होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आधारभावाच्या खरेदीस सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवून देण्याची पाळी केंद्र सरकारवर आली, यावरून ओल्या मालाचा प्रश्न केवढा व्यापक आहे हे ध्यानी येईल. म्हणून माल वाळविण्यासाठी परसात सिमेंट-काँक्रीटचे लहानसे खळे करून घेण्याकडे शेतकरी बंधूंचा ओढा आहे, तो योग्यच होय. प्रश्न एवढाच की, त्यावरील पैसा कोठे घालावा. आमचे स्पष्ट मत असे की, बहुतेक लोक तो सिमेंटात वाचवू पाहतात आणि खालची भुई व वरचे पाणी यांच्या हयगयीने अखेर सारा गमावून बसतात.

हे मत आम्ही फुकट मिळविलेले नाही. महसूल कचेरीत उभा जन्म मोजणीचे आकडे मांडण्यात गेला. परंतु स्वतःच्या परसात खळे करण्याची वेळ आली तेव्हा आम्ही ठेकेदाराशी दर चौरस फुटाचा भाव ठरविला, लांबी-रुंदी चिठ्ठीवर लिहिली, आणि जाडी मात्र लिहिली नाही. काम दोन दिवसांत उरकले. पहिल्याच पावसाळ्यात कडा उचलल्या, मधोमध बोट शिरेल एवढी भेग गेली. फोडून पाहिले तो जाडी कोठे तीन इंच, कोठे त्याहूनही कमी, आणि खाली सरळ काळी माती! दोष ठेकेदाराचा होताच. पण चिठ्ठी आमच्या हातची होती.

दुसऱ्या खेपेस आम्ही हिशोब आधी मांडला, तो येथे देतो. खळे २० फूट लांब, १५ फूट रुंद व ४ इंच जाड धरले तर काँक्रीट बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास लागते. सिमेंट एक भाग, रेती दोन भाग व गिट्टी चार भाग या प्रमाणाने त्यास सुमारे १८ पोती सिमेंट, ४४ घनफूट रेती व ८८ घनफूट गिट्टी लागते. पोते ५० किलोचे. आपल्या गावचा भाव यात घालून प्रत्येकाने आपली रक्कम काढावी. रेती नदीची असो वा दगड दळून केलेली असो, तीत माती नसावी. आणि नदीची असल्यास वाहतूक परवाना पाहिल्यावाचून घेऊ नये, हे आमच्यासारख्या महसुली माणसाने सांगणे ओघानेच आले.

आता जाडीचा विचार. वरील खळ्यात एका इंचास साडेचार पोती सिमेंट पडते. पोते ३५० रुपयांस धरले तर चाराऐवजी तीन इंच केल्याने सिमेंटात सुमारे १,५७५ रुपये वाचतात. परंतु वाकण्यास विरोध करण्याची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते : चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ. म्हणजे माल चौथाईने वाचतो आणि शक्ती जवळजवळ निम्मी जाते. हा सौदा कोणता व्यवहारी शेतकरी करील? ज्या खळ्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली न्यावयाची असेल तेथे तर सहा इंचांखाली उतरूच नये. लोखंडाचे मात्र उलट आहे. घट्ट भुईवर टेकलेल्या, केवळ धान्य वाळविण्याच्या खळ्यास सळ्यांची गरज नसते. ती रक्कम मुरुमात घालावी.

मुरुमात म्हणण्याचे कारण आपली काळी जमीन. कापसास ती माऊली. पण बांधकामास ती वैरीण आहे. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटली की हातहात भेगा देते. तिच्यावर सरळ ओतलेले काँक्रीट कितीही चांगले असले तरी तिच्याबरोबर वरखाली होणारच. यास्तव निदान एक फूट काळी माती काढून टाकावी व सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम टाकून, पाणी शिंपून, धुम्मसाने ठोकून घ्यावा. वरील मापास ठोकलेला मुरूम तीन ब्रास, म्हणजे सुटा सुमारे चार ब्रास लागेल. भोवतालचे पाणी खळ्याखाली मुरणार नाही असा चर काढावा, आणि २० फुटांत अडीच इंच उतार ठेवावा. सारे खळे एकसंध न ओतता १० फूट बाय साडेसात फुटांचे चार तुकडे पाडावेत. भेग पडावयाचीच असेल तर ती सांध्यात पडेल, मनास येईल तेथे पडणार नाही.

उरले पाणी. कालवताना ते कमी हवे, ओतल्यानंतर भरपूर हवे. आपल्याकडे नेमके उलट चालते. थापी सुखाने फिरावी म्हणून मजूर पाणी वाढवितात आणि त्याने काँक्रीट कमकुवत होते. पोत्यास २५ लिटरच्या आसपास पाणी धरून चालावे. मग दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी करून किंवा ओली पोती पसरून निदान दहा दिवस पृष्ठभाग सुकू देऊ नये. एक इंच पाणी उभे करावयाचे तर या खळ्यास सुमारे ७०० लिटर लागते, व ते पुनःपुन्हा भरावे लागते. वैशाखात जेथे पिण्याच्या पाण्याची ओढाताण, तेथे हे कोठून व्हावे? म्हणून हे काम दिवाळीनंतर, विहिरीस पाणी असताना काढावे. खळे पुढल्या दसऱ्यास हवे, उद्या नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे बरे झाले. परंतु ती सूट पुरती पदरात पडली तरी किंमत शंभरास आठ रुपयांहून कमीच उतरते. १८ पोत्यांवर पाचशे रुपयेसुद्धा नाहीत. फोडून पुन्हा केलेल्या खळ्याचा खर्च मात्र दुपटीहून अधिक होतो, कारण फोडण्याची व मलबा वाहण्याची मजुरी वेगळी लागते. आम्ही ती भरली आहे.

तेव्हा शेतकरी बंधूंस विनंती अशी की, ठेक्याच्या चिठ्ठीवर भावाच्या आधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : काँक्रीटची जाडी, मालाचे प्रमाण, मुरुमाची खोली, आणि पाणी मारण्याचे दिवस व ते कोणी मारावयाचे. ओतण्याच्या दिवशी हातात फूटपट्टी घेऊन स्वतः उभे राहावे. त्या दिवशी शेतातील एखादे काम मागे पडले तरी चालेल.